मागची टाच

सेमीफायनलला पाखऱ्या बैलाची गाडी अर्ध्या गळ्याने हरली आणि माळावर जमलेल्या चार हजार माणसांना एकाच क्षणी शर्यतीची सगळी विद्या प्राप्त झाली. कुणी म्हणालं, कासरा उशिरा सैल केला. त्याच्या शेजारचा म्हणाला, उशिरा कसला, लवकर केला म्हणूनच गेली. माईकवरच्या समालोचकाला तर असा मोका हवाच असतो. "मंडळी, आजकालच्या ड्रायव्हरच्या हातात काय राहिलं नाय," तो म्हणाला. "मोबाईलवर बोटं फिरवून फिरवून कासऱ्याची बोटं गेली." सगळं मैदान हसलं. सोजरबाई हसली नाही, कारण हरलेला बैल तिचा होता.

सोजरबाईचं घर कर्वेनगरच्या गावठाणात. कर्वेनगरला ती अजून हिंगणंच म्हणते, आणि रिक्षावाल्याने कुठलं हिंगणं असं विचारलं की त्याची कीव करते. शेती केव्हाच इमारतींखाली गेली. राहिला घरामागचा दोन गुंठ्यांचा तुकडा, त्यात पत्र्याचा गोठा आणि गोठ्यात एक बैल, नवऱ्याच्या माघारी तिने घेतलेला पाखऱ्या. भिंतीपलीकडच्या सोसायटीने मागे एकदा लेखी कळवलं होतं की, 'आपल्या बैलाचा वास आपण आपल्या हद्दीतच ठेवावा.' सुनेने, ऋतुजाने, ते पत्र वाचून दाखवल्यावर सोजरबाई म्हणाली, "सांगते वासाला."

खरी अडचण सोसायटीची नव्हती, घरातली होती. मुलगा आनंद एका कंपनीत नोकरीला, वर चार खोल्यांचं भाडं. त्याला गोठ्याच्या जागी जिम काढायची होती. वडील, माऊली, जाऊन आता बरीच वर्षं झाली, बैलांचा नाद त्यांच्याबरोबर जायला हवा होता, असं त्याचं सरळ म्हणणं. पण आईचं तोंड बघून त्याने एक सवलत दिली होती. "जोवर पैरा आहे तोवर बैल राहू दे, आई. पैरा मोडला की विकायचा. मग रडायचं नाही."

पैऱ्याचं असं असतं. शर्यतीच्या छकड्याला दोन बैल लागतात आणि दोन बैल पोसणं सगळ्यांना परवडत नाही. मग एकाने आपला एक बैल आणायचा, दुसऱ्याने आपला एक, आणि जोडी लावायची. देवळात सुपारी दिली की पैरा झाला. ना कागद, ना सही. आणि सरळ, लबाडीविना झालेल्या शर्यतीत जोडी हरल्याशिवाय तो कुणी मोडायचा नाही. जो मोडेल त्याच्याशी पुन्हा कुणी पैरा करत नाही. पाखऱ्याचा पैरा होता मुळशीकडच्या एका शेठच्या काजळ्याशी. शेठ धंद्याने बिल्डर, गळ्यात बोटाएवढी साखळी, बोलायला मात्र लोण्यासारखे.

गाडीवर कोण बसणार यावरून तेव्हा थोडी खडाखडी झाली होती. शेठना एक नावाजलेला ड्रायव्हर हवा होता, ज्याची रील्स लाख-लाख लोक बघतात. सोजरबाईने पाय रोवले. "बसला तर इंद्रजीत बसंल. नायतर सुपारी देत नाय."

इंद्रजीत म्हणजे गेनबाचा भाचा. आणि गेनबा म्हणजे, ज्यांनी बंदीच्या आधीची मैदानं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगायचं तर: काठी न उचलता, शेपटीला हात न लावता, नुसत्या कासऱ्यावर आणि आवाजावर बैल पळवणारा माणूस. माऊलीची प्रत्येक जोडी त्यानेच पळवली होती. मधली सात-आठ वर्षं शर्यती बंद राहिल्या, जुने हात म्हातारे झाले, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गाड्यांवर जी पोरं चढली त्यांना ओरडण्यापलीकडे काही येत नव्हतं. गेनबाचे गुडघे गेले होते, पण त्याने आपली सगळी विद्या भाच्याला दिली होती. हा पोरगा सोजरबाईच्याच गोठ्यात वाढला. तिच्याच ताटात जेवला. चौदाव्या वर्षी त्याला, आनंदबरोबरच, टायफॉईड झाला तेव्हा तिने आनंदच्या आधी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि आनंद ते अजून ऐकवतो.

हरल्या दिवशी संध्याकाळी इंद्रजीत गोठ्यात आला, खाली मान घालून. तिच्या पाया पडला आणि उठेचना. "चुकलं, काकू. ऐन टायमाला तोल गेला. कच्चाच हाय मी अजून."

"उठ," सोजरबाई म्हणाली. "बैल हरला, तू नाय मेलास. हात धू, भाकरी खा."

त्याने दोन भाकरी खाल्ल्या. तिने तिसरी वाढली. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त टोचली ती हीच तिसरी भाकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाखऱ्याला शेक द्यायला बसली. पळून आलेल्या बैलाची खांद, म्हणजे मानेचा जू टेकतो तो भाग, तापलेली असते. पाखऱ्याची खांद गार होती. शेक देता देता तिचा हात गळ्याखाली गेला आणि बैलाने मान झटकली. तिथे पट्ट्याच्या रुंदीचा एक वळ उठला होता, सुजलेला. सोजरबाईने वळावरून पुन्हा हलकेच बोट फिरवलं. चाळीस वर्षांत तिने बैलांच्या अंगावरच्या सगळ्या खुणा पाहिल्या होत्या. खांद गार आणि गळा सुजलेला, हे गणित तिला काही केल्या जमेना. जू मानेवर दाबलं तर खांद तापते. जू वर उचललं गेलं तरच गळ्याखालचा पट्टा असा कापतो. आणि पळत्या गाडीचं जू वर उचलणार कोण?

ऋतुजाचं त्या दिवशी घरूनच काम होतं. सोजरबाईने तिला लॅपटॉपवरून उठवून गोठ्यात आणली. "तू कालचं शूटिंग केलंयस ना? दाखव. हळूहळू चालतं तसं दाखव."

ऋतुजाने स्लो मोशनमध्ये लावलं. सात गाड्या, नांगराने आखलेल्या सात पट्ट्या, आणि तिसऱ्या पट्टीत पाखऱ्या-काजळ्या सगळ्यांच्या पुढे. छकड्यावर उभा इंद्रजीत. उजवा हात वर, तोंड उघडं, सगळं अंग पुढे झुकलेलं. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा जीव तोडून पळवतोय. शेवटची शंभर पावलं राहिली आणि त्याची डावी टाच वीतभर मागे सरकली. अंग पुढे, भार मागे. दोन चाकांची हलकी गाडी ती, मागे भार पडला की दांडी वर येणारच. जू पाखऱ्याच्या बाजूने दोन बोटं उचललं गेलं, पट्टा पाखऱ्याच्या गळ्याला लागला आणि बैलाने डोकं वर केलं. पापणी लवायच्या आत टाच पुन्हा जागेवर.

"तोल गेला बघ," सोजरबाई म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज आवडला नाही.

ऋतुजाने मागे घेतलं, पुढे नेलं, पुन्हा मागे घेतलं. "आई, एकदा नाही झालंय हे. तीन वेळा आहे. आणि तिन्ही वेळेला सेम. इतकीच टाच, इतकाच वेळ." तिने व्हिडिओ थांबवला. "तोल गेलेला माणूस असा मोजून जात नाही."

मग तिने मोबाईलमधली आणखी एक गोष्ट दाखवली. शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर काल दुपारीच एक जाहिरात आली होती, पुढच्या मोठ्या मैदानाची. शेठचा काजळ्या, जोडीला साताऱ्याकडचा एक नावाजलेला बैल. खाली लिहिलं होतं, ड्रायव्हर: इंद्रजीत. पाखऱ्या हरून तेव्हा तासही झाला नव्हता. फोटो काढायला, छापायला, नाव टाकायला यांना वेळ कधी मिळाला?

सोजरबाईला पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा लाज वाटली, आपण त्याची समजूत घातल्याची. शेठना पैरा मोडायचा होता, पण तोंडाने मोडता येत नव्हता, म्हणून जोडी हरायला हवी होती. आणि ती हरवायला असा हात हवा होता जो हरवेल आणि वर कच्चा म्हणवून घेईल. सगळं मैदान ड्रायव्हरांच्या नावाने बोटं मोडत असताना कोण संशय घेणार? काहीच न येणाऱ्यांच्या गर्दीत एक सगळं येणारा बेमालूम लपला होता. आणि त्याच्यासाठी तीच शेठशी भांडली होती.

दुपारी तिने गेनबाला बोलावून घेतलं. तो काठी टेकत आला, खाटेवर बसला, मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्याने पाहिलं. पाहून झाल्यावर म्हणाला, "परत लाव." ऋतुजाने परत लावलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच बोट लावून चित्र नेमकं टाचेवर थांबवलं.

"भावजी, पोरानं मुद्दाम केलं का?" सोजरबाईने विचारलं. "तुम्ही म्हणाल ते खरं. तुम्ही नाय म्हणालात तर मी गप्प बसते."

गेनबाने तिच्याकडे पाहिलं नाही. "उद्या देवळात बैठक हाय ना? शेठ सुपारी परत देणार हायत."

"हाय."

"येतो मी," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. भाच्याचं दुःख आहे, असं सोजरबाईला वाटलं. तिला त्याची दया आली.

भैरवनाथाच्या सभामंडपात बैठक भरली. तीसेक माणसं होती, सगळी याच नादातली. शर्यत कमिटीचे अध्यक्ष मध्ये वही घेऊन बसलेले. आनंद रजा टाकून आला होता, पण तो आईच्या बाजूने आला होता की जिमच्या बाजूने, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेठनी तांब्याच्या ताम्हनात सुपारी ठेवली आणि हात जोडले. "काकूंचा बैल गुणी आहे. पण शेवटच्या शंभर पावलांत दम तुटतो त्याचा. सगळ्यांनी पाहिलंय. जोडी सरळ हरली, पैरा सुटला. मनात राग नको."

"बैलाचा दोष नाय," कोपऱ्यातून इंद्रजीत म्हणाला. किती नम्रपणे म्हणाला. "माझीच चूक. मी कच्चा पडलो."

"अरे, तू एकटा का?" कुणीतरी म्हणालं. "सगळीच पोरं कच्ची. गाडीवर चढतात आणि मैदानभर मिरवतात." मंडपात हशा झाला. इंद्रजीतही ओशाळं हसला, आणि त्या हसण्याने सोजरबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

तिने उभं राहून सांगितलं. गळ्याचा वळ सांगितला, गार खांद सांगितली, तीनदा मागे गेलेली टाच सांगितली. ऋतुजाने मोबाईल फिरवला. माणसांनी डोळे बारीक करून पाहिलं, एकमेकांकडे दिलं, माना हलवल्या. घसरला असेल. फळी ओली असेल. एक जण तर म्हणाला, "काकू, एवढं बारीक कुणी ठरवून करू शकतं का? आजच्या पोरांना सरळ उभं राहता येत नाय." शेठनी समजूतदारपणे उसासा सोडला. आनंद तिच्या कानाशी म्हणाला, "आई, बस आता. शोभा होतेय."

तेवढ्यात गेनबा उठला. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू, पूर्ण उभा राहीपर्यंत सगळे थांबले. अजून एवढा मान होता त्याला.

"कच्चा नाय हा," तो म्हणाला. "माझा भाचा हाय म्हणून नाय सांगत. आज पुण्यात ह्याच्यासारखा पाय कुणाचा नाय. अंग पुढं ठेवून भार मागं टाकायचा, तीनदा, आणि बैल थांबू न देता नुसता त्याचा पळ तोडायचा. अर्ध्या गळ्यानं हरवलं त्यानं. एक गाडी मागं नाय, दोन नाय, अर्धा गळा. ओट्यावर बसून चुका काढणाऱ्यांनी जरा करून बघावं."

"मामा," इंद्रजीत म्हणाला.

"गप." गेनबा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मीच दाखवलं होतं ह्याला. टाच मागं गेली की काय होतं ते. असं कधी करू नको म्हणून दाखवलं."

अध्यक्षांनी वहीतून मान वर केली. "पण गेनबा, तुम्हाला हे कुणी दाखवलं? आम्ही तर ऐकलं पण नाय कधी."

गेनबाने ओठ पुसले. "कुणी नाय. मी केलंय," तो म्हणाला. "बंदीच्या आधीच्या शेवटच्या मैदानात. माऊलीच्या हरण्या बैलाला. मला एका पाटलाची जोडी पळवायला पाहिजे होती."

सोजरबाईला त्याचे शब्द ऐकू आले, पण समजायला वेळ लागला. हरण्या हा माऊलीचा शेवटचा बैल. त्या दिवशी सकाळी माऊलीने त्याला आपल्या हाताने बाजरीचा आणि गुळाचा मोठा गोळा चारला होता, लाडाने, आणि शेवटच्या शंभर पावलांत हरण्याने मान वर टाकली. माऊलीने ठरवून टाकलं की जड खाण्याने बैलाचा दम गेला. हरण्याला विकलं. त्यानंतर माऊली कुठल्याच मैदानाला गेला नाही. सहा वर्षं तो रिकाम्या गोठ्यासमोर बसून एकच गोष्ट बोलायचा, "माझ्या हातानं चारलं गं. माझ्या हातानं मारलं त्याला." आणि गेनबा शेजारी बसून तंबाखू मळत म्हणायचा, "जाऊ दे, माऊली. नशीब." शेवटच्या आजारात शुद्ध हरपली तेव्हाही माऊली कुणाला तरी सांगत होता की गोळा मोठा करू नका. गेनबा तेव्हाही उशाशी होता. तिनेच त्याला बोलावलं होतं, माऊलीचा सगळ्यात जुना मित्र म्हणून.

पुढचं बरंचसं तिने कानांनी ऐकलं, मनाने नाही. अध्यक्षांनी निकाल सांगितला. शर्यत सरळ झाली नाही, म्हणून पैरा कायम. शेठनी सुपारी परत घ्यावी, पुढच्या मैदानाला हीच जोडी पळेल. इंद्रजीतला दोन हंगाम गाडीवर बसायला बंदी. शेठनी ताम्हनातली सुपारी मुकाट्याने खिशात टाकली. इंद्रजीत उठून तिच्यासमोरून गेला. तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं, पण तो चपला शोधत राहिला. आनंदचा हात मात्र तिच्या खांद्यावर होता. जिमचं त्याने त्या दिवशी नाव काढलं नाही.

माणसं पांगू लागली तसा गेनबा तिच्यापाशी आला. "वहिनी," तो म्हणाला. "पाखऱ्याचं नाव धुतलं मी."

"व्हय," सोजरबाई म्हणाली. "बैलाचं धुतलंत."

"तेव्हाच सांगणार होतो."

"सहा वर्षं होते ते, भावजी. रोज तुमच्या शेजारी बसायचे. एकदा सांगायचं व्हतं." ती ओरडली नाही. "मला नका सांगू. त्यांना सांगायचं व्हतं."

गेनबाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "मला बसू द्या गाडीवर," तो म्हणाला. "गुडघे बांधून बसतो. एकदाच. पाखऱ्याला पहिला आणून देतो, मग तोंड दाखवणार नाय."

अध्यक्षांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पेनाचं टोपण काढून ते म्हणाले, "काकू, हे बेस झालं. ड्रायव्हर कोण, हे सांगायचा मान या खेपेला तुमचाच. गेनबाचं नाव लिहितो. असा हात आता दुसरा नाय कुठं. बाकी सगळी पोरं तुम्ही बघितलीच."

सोजरबाईने बघितली होती. कासरा कुठल्या बोटात धरतात हे न कळणारी, नुसतं ओरडणारी, शेजारच्या पट्टीत गाडी घालून बाद होणारी. असल्याच्या हाती पाखऱ्या दिला तर तो बहुतेक हरेल, आणि या वेळी सरळ हरेल. शेठ त्याच दिवशी सुपारी परत देतील. मग आनंदने सवलत वाढवली तरी एकटा बैल गोठ्यात बांधून काय करणार? हे सगळं तिला दिसत होतं. गेनबा तिच्यासमोर हात जोडून उभा होता, आणि त्याच्या हातांइतके चांगले हात तिने जन्मात पाहिले नव्हते.

"ह्यांचं नको," ती म्हणाली. "कुणीतरी कच्चा द्या मला. खरंच कच्चा असलेला."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं आणि वहीत नावाची जागा तशीच मोकळी ठेवली.